पावसाआधीची चिकित्सा : दुर्गम पाड्यांवरील वैद्यकर्तव्य

ग्रीष्म सरत आला असता पांचालदेशातील काम्पिल्य नगरीजवळ, गंगातीरावरील वनातून शिष्यांसह फिरताना भगवान पुनर्वसु आत्रेयांनी अग्निवेशास एक सूचना केली. ती चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात आली आहे. ऋतू, वायू, जल आणि भूमी यांची विकृत लक्षणे दिसू लागली आहेत; तेव्हा भूमीचा रस नष्ट होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवाव्यात, कारण मागाहून त्यांचे रस, वीर्य, विपाक, प्रभाव टिकणार नाहीत, असा तिचा आशय आहे. जनपदोद्ध्वंसाचा हा अध्याय आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात वाचला, परीक्षेत त्यावर उत्तरेही लिहिली. तथापि आपत्ती येण्यापूर्वी औषध हाती असले पाहिजे, हे त्यातील साधे सूत्र मला पुस्तकात उमगले नाही. ते सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावर, फार मोठी किंमत मोजली गेल्यावर उमगले.

दुर्गम भागातील वैद्यकसेवेवर लिहिताना सेवाभाव, त्याग आणि खडतर जीवन यांचीच वर्णने बहुधा केली जातात. ती खोटी नसतात. परंतु त्यांतून चिकित्सकाच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम भागाचा विचार व्यवसायाच्या अंगाने करण्याचे योजिले आहे. हा लेख तेथे काम करणाऱ्या तरुण वैद्यांसाठी आहे, तसाच शहरात बसून औषधे निर्माण करणाऱ्या व विकणाऱ्या औषधालयचालकांसाठीही आहे.

देशविचार

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. पूर्वेकडील येवला, नांदगाव या तालुक्यांत वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इगतपुरीत तोच सुमारे तीन हजारांवर जातो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हा पट्टा या दुसऱ्या टोकाच्या जवळचा. एकाच जिल्ह्यात जांगल देश आणि आनूप देश यांचे असे सान्निध्य अन्यत्र क्वचितच आढळेल. जांगल देश वातपित्तबहुल आणि आनूप देश वातकफप्रधान, हे आपण जाणतो. पण देशविचार दोषांपाशी थांबत नाही. रोग्याचा पाडा कोणत्या डोंगराच्या आड आहे, मधला ओढा कोणत्या महिन्यात चढतो, जीप कोठपर्यंत जाते आणि तेथून पुढे किती चालावे लागते, हादेखील देशविचारच होय. येवल्याच्या रोग्याला तासाभरात मोठ्या रुग्णालयात नेता येते. आषाढात पाड्यावरच्या रोग्याला तेवढ्या वेळात कधीकधी ओढाही ओलांडता येत नाही.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेंद्रीपाड्याचे उदाहरण पुष्कळांच्या स्मरणात असेल. तेथील स्त्रिया तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून हंडे घेऊन जात. त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर २०२२ च्या आरंभी तेथे लोखंडी पूल बसवण्यात आला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला. ज्या वाटेने हंडा जातो त्याच वाटेने बाळंतीण जाते, हे चिकित्सकाने ध्यानात घ्यावे. वाट नसेल तेथे आजही दोन बांबूंना घोंगडी बांधून डोली करतात आणि चार माणसे ती आळीपाळीने खांद्यावर घेतात. अशा भागात साध्यासाध्यतेचे गणित बदलते. नाशिकमध्ये सुखसाध्य असलेला व्याधी तेथे कृच्छ्रसाध्य होतो आणि कृच्छ्रसाध्य व्याधी असाध्याच्या उंबरठ्यावर जातो. रोग तोच असतो, केवळ अंतर वाढलेले असते.

एक प्रसंग

ही गोष्ट २००६ च्या आषाढातील. मी नुकताच पदवीधर होऊन भरारी पथकात मानसेवी वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. १९९५ साली सुरू झालेल्या नवसंजीवन योजनेखाली आदिवासी जिल्ह्यांत ही पथके पाड्यापाड्यांवर फिरतात. त्यांतील डॉक्टर बहुतांशी आपल्याच पदवीचे असतात, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. त्या रात्री पावसामुळे माझा मुक्काम एका पाड्यावरील शाळेच्या खोलीत पडला होता.

पहाटे पाचच्या सुमारास एक गृहस्थ अकरा वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन आले. मुलाच्या पोटात कळा येत होत्या, एकदा वांती झाली होती. आदल्या रात्री काय खाल्ले, असे मी विचारले. नागलीची भाकरी आणि कोवळ्या बांबूच्या कोंबांची भाजी, असे उत्तर मिळाले. ज्वर नव्हता, पोट मऊ होते, जिव्हा साम दिसली. वर्षाऋतू, मंदाग्नी, गुरू आहार. निदानपंचक माझ्यापुढे जणू हात जोडून उभे राहिले. मी अजीर्णाचे निदान केले, शंखवटी व कोमट पाणी दिले आणि मुलाला कोपऱ्यात निजवले.

दीड तासाने वडील म्हणाले, "डाक्टर, पोरगा डोळं उघडत नाही. झोप लागली वाटतं." क्षणभर मलाही तसेच वाटले, आणि त्या क्षणाचे मला आजही भय वाटते. जवळ जाऊन पाहिले तेव्हा मुलगा जागा होता. डोळे उघडण्याचा प्रयत्न करीत होता, पण पापण्या उचलत नव्हत्या. तोंडातून लाळ गळत होती, शब्द नाकातून येत होते. घरी सगळे जमिनीवर निजतात, हे मी तेव्हा विचारले. पहाटे पाच वाजता विचारावयास हवे होते. तो मण्याराचा दंश होता.

ओढा चढलेला होता, जीप पलीकडे होती. डोली करून उतारावर नेईपर्यंत श्वास उथळ झाला. माझ्या पिशवीत अंबू बॅग नव्हती. तोंडाने श्वास देत आम्ही ओढा ओलांडला, जीपमध्येही तेच करीत राहिलो. घाट चढून जाण्यापूर्वी मुलगा गेला.

वडिलांनी मला दोष दिला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "साप चावला असता तर दिसला असता ना?"

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. आज देतो : नाही, बहुधा दिसत नाही. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो, त्याचे दात सुईच्या टोकाइतके असतात. वेदना नसते, सूज नसते, खूण पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो आणि मग पापण्या जड होतात. पावसाळ्यात जमिनीवर निजलेला मनुष्य पहाटे पोटदुखी घेऊन आला, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो मण्याराचा दंश समजावा आणि दर दहा मिनिटांनी पापण्या पाहाव्यात. अगदतंत्राच्या उत्तरपत्रिकेत हे सारे मी लिहिले होते. चरकाने वैद्याच्या चार गुणांत शास्त्राच्या स्वच्छ ज्ञानासोबतच अनेक वेळा कर्म पाहिलेले असणे का सांगितले, ते त्या दिवशी कळले. माझ्यापाशी पहिले होते, दुसरे नव्हते.

हा एकट्या पाड्याचा प्रश्न नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावल्याचा अंदाज दिला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय व्याधींत केला आणि हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आराखडा दिल्लीत होतो. मात्र पहाटे पाचला दार ठोठावले जाते ते बहुधा आपल्यासारख्याचेच.

चतुष्पाद आणि छावणी

या प्रसंगानंतर मी सुश्रुतसंहिता पुन्हा उघडली, तेव्हा एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. सूत्रस्थानातील चौतिसावा अध्याय युक्तसेनीय नावाचा आहे. सेनेबरोबर जाणाऱ्या वैद्याची कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. शत्रू वाटा, पाणी, चारा, धान्य, सरपण दूषित करतो, ते वैद्याने ओळखावे. राजाच्या निवासाशेजारी सर्व साहित्यानिशी सज्ज राहावे. ध्वजाप्रमाणे त्याची जागा सर्वांना माहीत असावी, म्हणजे विष, शल्य आणि रोग यांनी पीडित झालेले लोक निःशंकपणे त्याच्याकडे येतील. आणि याच अध्यायात पुढे वैद्य, रोगी, भेषज व परिचारक हे चिकित्सेचे चार पाद आले आहेत.

चतुष्पादांचे विवेचन आचार्यांनी छावणीच्या अध्यायात का केले असावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे कारण असे की, नगरात एक पाद लंगडा पडला तरी काम निभावते. परिचारक चुकला तर शेजारी असतो, औषध संपले तर दुकान असते, वैद्याला शंका आली तर दुसरा वैद्य असतो. छावणीत आणि पाड्यावर चारही पाद नेमके उभे असावे लागतात, आणि ते आयत्या वेळी उभे करता येत नाहीत. मोहिमेपूर्वी, म्हणजे आपल्या संदर्भात पावसापूर्वी, त्यांची सिद्धता व्हावी लागते. आता या चार पादांचा क्रमाने विचार करू.

वैद्य

पाड्यावरील वैद्याला सर्व काही येण्याची गरज नाही. जी चार-पाच आत्ययिक अवस्था तेथे माणूस मारतात, त्या अंधारात, विजेरीच्या उजेडात ओळखता आल्या पाहिजेत : सर्पदंश, विंचूदंश, बालकाचा श्वास, बालकाचा अतिसार आणि अडलेली प्रसूती. यांची पूर्वचिन्हे आणि तेथून हलवण्याची वेळ मुखोद्गत असावी.

येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण देणे अगत्याचे वाटते. १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना त्यांनी विंचूदंशाचे रोगी रात्र-रात्र शेजारी बसून पाहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा थंडपणा, फुप्फुसात भरणारे पाणी यांची टिपणे ठेवली. त्यातूनच प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग पुढे आला आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्याची दखल घेतली. कोकणात लाल विंचवाच्या गंभीर दंशात पूर्वी शेकडा तीस-चाळीस रोगी दगावत. ते प्रमाण शेकडा चाराच्याही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते आधुनिक वैद्यकाचे आहेत, हा येथे मुद्दा नव्हे. त्यांच्यापाशी त्या काळी उपकरण होते ते मुख्यतः दर्शन, स्पर्शन, प्रश्न, म्हणजे आपलीच त्रिविध परीक्षा. आणि एक वही. आपल्यापैकी किती जण रोग्याची वेळेनिशी टिपणे ठेवतात? मीही २००६ पूर्वी ठेवीत नव्हतो.

वैद्याच्या सिद्धतेत आणखी एक गोष्ट येते, आणि ती आपल्यापैकी काहींना रुचणार नाही. सुश्रुताने कल्पस्थानात दंशस्थानाच्या चार अंगुळे वर अरिष्टाबंधन सांगितले आहे. आज सर्पदंशाच्या उपचारात घट्ट बंध वर्ज्य मानला जातो. विशेषतः घोणस व फुरसे यांच्या दंशात त्याने अवयव सडू शकतो आणि बंध अकस्मात सोडल्यास विष एकदम पसरते. विषाचा प्रसर रोखावा, हे आचार्यांचे तत्त्व अबाधित आहे. साधन मात्र बदलले आहे. अस्थिभग्नात बांधतो तशी कांबीट घालून अवयव निश्चल करावा, रोग्याला चालू देऊ नये, धीर द्यावा आणि प्रतिविष जेथे आहे तेथे न्यावे. कापू नये, चोखू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सर्पांवर चालणारे प्रतिविष आपल्या देशात बनते. त्याला पर्याय म्हणून कोणत्याही काढ्याचा किंवा लेपाचा उल्लेख आपण करू नये. ग्रंथाचा मान राखण्यासाठी रोग्याचा पाय घालवणे आचार्यांनाही संमत झाले नसते. घोणस-फुरसे यांच्या दंशाची शंका असेल तर नवी, कोरडी काचेची परीक्षानळी घ्यावी, तीत दोन मिलिलिटर ताजे रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवावे. रक्त गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे असे समजावे. एवढी परीक्षा पाड्यावरही करता येते. मण्याराच्या व नागाच्या दंशात मात्र रक्त गोठते, म्हणून त्या परीक्षेवर विसंबून पापण्या पाहावयाचे सोडू नये.

द्रव्य

आता औषधालयचालकांशी दोन शब्द. चरकाने द्रव्याचे गुण बहुता, योग्यता, अनेकविध कल्पना आणि संपत् असे सांगितले. दुर्गम भागात यांपैकी अनेकविध कल्पनेला सर्वाधिक महत्त्व येते. शार्ङ्गधराने चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटिका व लेह वर्षानंतर होतात, आणि आसव जुने झाले तरी गुणवान राहतात, असे नमूद केले आहे. हे अनुमान कोरड्या कपाटातले नसावे असे सुरगाण्याच्या जुलैत वाटते, कारण तेथे हिंग्वाष्टकाच्या डबीत पंधरा दिवसांत गोळा होतो आणि सितोपलादीला पाणी सुटते. म्हणून त्या भागासाठी चूर्णाऐवजी घनवटी, मोठ्या डबीऐवजी एका वेळच्या मात्रेच्या ओलाव्यापासून सुरक्षित पुड्या, काचेऐवजी न फुटणाऱ्या बाटल्या अशी बांधणी हवी. वेष्टनावर मात्रा अक्षरांसोबत चित्रानेही दाखवावी. सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र एवढे पुरते. त्रिभुवनकीर्तीसारखे वत्सनाभयुक्त कल्प बालकांच्या हाती लागणार नाहीत अशा वेष्टनात द्यावेत व तशी सूचना ठळक छापावी. पाड्यावर उंच कपाट नसते.

कुड्याची साल, बेहडा, गुळवेल ही असल्याच डोंगरांतून खाली येतात. जेथून साल येते तेथे कुटजघनवटी पावसाळ्यात पोचत नाही, ही आपल्या व्यवसायाला शोभणारी गोष्ट नव्हे. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या आदिवासी गावांत स्वस्त धान्य आधीच पोचवून ठेवण्याची शासनाची रीत आहे. औषधांबाबत तीच रीत आपण का पाळू नये? अक्षय्य तृतीया, म्हणजे आपल्याकडची आखाजी, ते मृग नक्षत्र हा सुमारे महिन्याभराचा काळ त्यासाठी राखून ठेवावा.

तथापि द्रव्यात पहिले स्थान आपल्या कल्पांना नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. बालकाच्या अतिसारात प्रथम जलसंजीवनी, तिच्याबरोबर जस्ताची गोळी आणि मग कुटज. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी शिरेतून देण्याचे द्रव संपत आले होते. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हाती दिले. शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यू शेकडा चाराच्या खाली आले. महालनबीस यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. अतिसारात पेया, मंड, लाजमंड सांगणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकांना यात परके वाटावे असे काही नाही. द्रव मुखाने, थोडा-थोडा आणि घरच्या माणसाच्या हातून द्यावा, हे आपलेच सूत्र आहे.

उपस्थाता

महालनबीस यांच्या छावणीत खरे काम नातेवाइकांनी केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हीच गोष्ट नवजात बालकांच्या बाबतीत सिद्ध केली. गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना बाळ उबदार ठेवणे, स्तनपान, श्वास मोजणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रथमोपचार करणे शिकवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर शेकडा ६२ ने घटला होता. आज आशा कार्यकर्ती घरी येऊन बाळाला पाहते, त्या पद्धतीचे मूळ तेथे आहे. चरकाने उपस्थात्याचे गुण सांगताना उपचारज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता यांचा उल्लेख केला. पदवीचा केला नाही.

पाड्यावरील वैद्याने मे महिन्यात आशाताई, अंगणवाडीताई, सुईण आणि भगत यांना एकत्र बसवावे. भगताला वगळू नये. त्याला अपमानित केल्यास रोगी त्याच्याकडे लपून जातो आणि आपल्याकडे उशिरा येतो. मी पुढील वर्षी एका वृद्ध भगतबाबांना एवढीच विनंती केली, "बाबा, तुमचं तुम्ही करा, पण पापणी पडली की मंत्र थांबवून डोली उचलायची." त्यांनी ते मान्य केले आणि पाळलेही. त्या पावसाळ्यात त्यांनी दोन रोगी माझ्याकडे पाठवले. एकाला विषबाधा नव्हती. दुसऱ्याला होती, आणि तो आज नाशिकमध्ये वाहन चालवतो.

जून ते सप्टेंबर या काळात प्रसूत होणाऱ्या स्त्रियांची यादी मे महिन्यातच करावी आणि ज्यांच्या वाटेवर ओढा आहे त्यांना दिवस भरण्यापूर्वी आरोग्य केंद्राजवळ आणावे. शासनाची माहेरघर योजना याचसाठी आहे. घरी म्हातारी माणसे, गुरे व लहान मुले टाकून ती स्त्री येत नाही, ही खरी अडचण असते. म्हणून तिच्याइतकेच तिच्या सासूबाईंशी बोलणे आवश्यक ठरते.

रोगी

रोग्याचे गुण स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. यांपैकी ज्ञापकत्व, म्हणजे आपला त्रास नीट सांगता येणे, याची जबाबदारी अर्धी वैद्यावर आहे. कोकणा, वारली, कातकरी माणूस अनोळखी डॉक्टरपुढे कमी बोलतो. त्याची बोली आपण शिकलो नाही, तर त्याचे ज्ञापकत्व कमी आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शहरातील वैद्यबंधूंना हा आपला विषय नव्हे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु दिवाळीनंतर हेच लोक दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत आणि नाशिकच्या बांधकामांवर कामाला येतात. बागेच्या कडेला पाल ठोकून जमिनीवर निजतात. पाडा तेव्हा आपल्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर येतो. २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवरही आपल्या पदवीचे अनेक डॉक्टर काम करतात. घाटात, रात्री, एका रोग्यासह ते एकटे असतात. त्यांचे काम युक्तसेनीय वैद्याचेच आहे.

पिशवी

माझ्या पिशवीत आज काय असते ते सांगतो. तरुणांनी त्यात आपल्या अनुभवाने भर घालावी. विजेरी व जास्तीचे विद्युत्घट, तापमापक, रक्तदाबमापक, बोटाला लावण्याचा प्राणवायूमापक, लहान व मोठ्या मुखवट्यासह अंबू बॅग, दोन कांबिटे व रुंद पट्ट्या, दोन काचेच्या नळ्या, जलसंजीवनी व जस्ताच्या गोळ्या, निर्जंतुक प्रसूतिसंच, बाळ गुंडाळण्यासाठी दोन कोरडी सुती फडकी, तीही बंद पिशवीत, कुटजघनवटी, शंखवटी, महासुदर्शन घनवटी, जात्यादी तेल, आणि पेन्सिल बांधलेली एक वही, कारण शाई पावसात पसरते. प्रतिविष, प्राझोसिन, ॲड्रेनलिन ही आरोग्य केंद्रात आहेत की नाहीत व त्यांची मुदत केव्हा संपते, हे मृगापूर्वी स्वतः जाऊन पाहावे. प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून प्रशिक्षण व ॲड्रेनलिन यांशिवाय ते देण्याचे धाडस करू नये. पण ते कोठे मिळते हे माहीत नसणे अक्षम्य आहे.

समारोप

भरारी पथकातील डॉक्टरांचे मानधन दीर्घकाळ महिना २४,००० रुपये होते. ते २०२१ साली ४०,००० झाले. हे वाढले याचा आनंद आहे. परंतु तेथे जाणाऱ्या तरुणाला केवळ मानधन पुरत नाही. त्याला आधी त्या वाटेने गेलेल्या माणसाच्या चुका कळाव्या लागतात, आणि त्या सांगावयास आपण संकोचतो. यशस्वी चिकित्सेचे अनुभव आपण उत्साहाने छापतो. अपयशाचे अनुभवही छापले जावेत, निदान रोग्याचे नाव न देता, अशी माझी संपादक मंडळास नम्र विनंती आहे.

आणि सभासदांस एक सूचना. प्रत्येक तालुका शाखेने पश्चिम पट्ट्यातील एक पाडा ठरवावा. आखाजी ते मृग या काळात तेथे एकदा जावे, गर्भवतींची यादी पाहावी, आशाताईंची पिशवी तपासावी, चार महिन्यांची औषधे योग्य बांधणीत पोचवावीत आणि जमिनीऐवजी खाटेवर, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून निजण्याविषयी सांगावे. मण्यारापासून रक्षण करणारा याहून स्वस्त उपाय माझ्या पाहण्यात नाही. याला मोठा निधी लागत नाही. एक रविवार लागतो.

त्या मुलाचे वडील पुढे दोन-तीन वेळा भेटले. दर वेळी त्यांनीच माझी विचारपूस केली. आता त्या घरात बाज आहे. मी मात्र पहाटे कोणी पोटदुखी घेऊन आले की आजही नाडी पाहण्याआधी पापण्या पाहतो. काम्पिल्याच्या वनात आत्रेयांनी अग्निवेशास जे सांगितले, त्याचा माझ्यापुरता अर्थ एवढाच आहे. इत्यलम्.